ओल्या हातांचे ट्रफल

प्रिय आई,

घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने चॉकलेटचे गोळे वळायचे का, असं बाबांनी विचारलं तर काय सांगू?

रविवारी खोलीवर ट्रफल केले. गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवलं, गार केलं आणि तू मोदक वळताना करतेस तसे हात ओले करून वळायला बसले, तर नुसता चिखल! मैत्रीण हसली, "अगं बाई, पाण्याशी चॉकलेटचं वाकडं असतं!" मग तळहातांना कोको चोळला. काय सुरेख वळले गं!

खालच्या बेकरीवालीने दोन खाल्ले आणि म्हणाली, "हा हात कुणाचा?" मी म्हटलं, "आईचा." तिने मला कामावरच बोलावलं! पगार थोडा कमी आहे, पण काळजी नको, वेळेवर जेवते.

बाबांचा खोकला थांबला का? मैत्रिणीबरोबर ट्रफलचा डबा पाठवलाय, तो आधी त्यांच्यापुढे ठेव. खाऊन झाल्यावरच सांग, की ऑफिसातली नोकरी मी काल सोडली.

तुझ्याच वळणावर गेलेली,
थोरली