माजी आमदाराच्या बिघडलेल्या पोटाचा खुलासा

मी, खाली सही करणार दत्तू तुकाराम गमरे, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार देवरुखजवळची बौद्धवाडी, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम उम्म अल हस्सम, मनामा, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. अक्कल ठिकाणावर आहे का, हे त्यांनी तपासलं नाही, आणि त्या बाबतीत माझं जुनं रेकॉर्ड फारसं बरं नाही.

उद्या माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचं कारण नाही असं सर्जन म्हणतात. निवडणुकीच्या आदल्या दिवशी माझा प्रचारप्रमुखही हेच म्हणाला होता, म्हणून हा कागद करून ठेवतो. तो माझ्या पश्चात उघडावा. माझी एकुलती मुलगी जागृती हिच्यापासून चार वर्षं लपवलेली एक गोष्ट यात आहे. ती तिच्या तोंडावर सांगायला मी कितीदा तरी बसलो आणि प्रत्येक वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो.

कलम १. नावाबाबत. माझ्या अमेरिकन पासपोर्टवर डॅन देवरुखकर असं नाव आहे. तो इसम आणि मी एकच. नागरिकत्वाच्या अर्जात नवं नाव हवं का, असा एक रकाना असतो. लोक तो मोकळा सोडतात. मी सोडला नाही. डॅन हे मतदारांच्या सोयीसाठी, असं मी सांगत आलो, पण तेव्हा माझ्या डोक्यात निवडणुकीचं वारंही नव्हतं. खरं कारण देवरुखकर हे होतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळात नवा माणूस आला की चहाच्या आधी आडनाव विचारतात आणि चहानंतर गाव. देवरुखकर म्हटलं की दोन्ही एकदम उरकायचं. पुढचं ज्याने त्याने आपापल्या सोयीने समजावं आणि मी मान हलवावी. ऐन तिशीत मी इथेच बहरीनला जहाजदुरुस्तीच्या यार्डात ड्राफ्ट्समन होतो, अरादला एका खोलीत आठ जण राहायचो. तिथे आठ वर्षं मी गमरेच होतो आणि माझं काहीही बिघडलं नव्हतं. हे नमूद करून ठेवतो.

कलम २. राजकीय कारकिर्दीबाबत. आमच्या इमारतीच्या मालकीण खदिजाबाई मला ‘सिनेटर’ म्हणतात आणि लिफ्ट बंद पडली की मलाच फोन करतात. मी सिनेटर कधीच नव्हतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याला आपल्यासारखी विधानसभा असते, तिथे मी दोन वर्षं आमदार होतो. राज्याचं नाव लिहीत नाही, त्याने माझ्यामुळे पुरेसं सोसलं आहे. मी दोन हजार वीसच्या नोव्हेंबरात दोनशे बारा मतांनी निवडून आलो. तोंडाला मास्क होता म्हणून निवडून आलात, असं माझी पत्नी शेवंती शेवटपर्यंत म्हणायची. दोन वर्षांत माझ्या नावावर एकच कायदा झाला: रस्त्याकडेच्या गटारांच्या जाळीत सायकलचं चाक अडकू नये म्हणून पट्ट्यांमधलं अंतर किती असावं, याचा. त्याचा नकाशा मी स्वतः काढला होता. सभागृहाच्या इतिहासात आमदाराने टी-स्क्वेअर घेऊन भाषण केल्याची ती एकमेव वेळ असावी. पुढच्या निवडणुकीत गाद्या विकणाऱ्या एका गृहस्थाने मला अकराशे मतांनी पाडलं. त्या गृहस्थाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांची गादी मी आजही वापरतो.

कलम ३. किरकोळ वस्तू. आमदार म्हणून मिळालेली गाडीची खास नंबरप्लेट स्वयंपाकघरात आहे. तिच्यावर मी गरम कुकर ठेवतो. ती खदिजाबाईंना द्यावी. तेव्हा तरी त्यांना सांगावं, मफी सिनेटर, सिनेटर वगैरे कोणी नाही. माझी ड्रॉइंगची पेटी, कंपास आणि टी-स्क्वेअर संदेश मोहिते यांना. ते एसी दुरुस्तीच्या कामावर फोरमन आहेत, त्यांना उपयोग होईल. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक, अमेरिकेतलं घर आणि शेवंतीचे दागिने माझी मुलगी जागृती, राहणार अमवाज आयलंड्स, हिला मिळावेत.

कलम ५. तिकडच्या मराठी मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिरुद्ध केळुसकर यांना, मंडळाने मला दिलेलं काचेचं सन्मानचिन्ह परत पाठवावं. त्यावर ‘आपला माणूस’ असं कोरलं आहे. नीट गुंडाळून पाठवावं, फुटू नये. सोबत कलम सहाची नक्कल जोडावी.

कलम ६. हे कलम भावना हिच्यासाठी आहे. तिचं आडनाव आणि पत्ता वेगळ्या पाकिटात ठेवला आहे. दोन हजार बावीसच्या वसंतात आमच्या सभागृहात एक विधेयक आलं. नोकरीत किंवा घर भाड्याने देताना कोणी जातीवरून वेगळं वागवलं, तर तो गुन्हा धरावा, एवढंच त्यात होतं. समितीपुढे साक्ष द्यायला अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी आली. सॉफ्टवेअर कंपनीत होती. आडनाव कळल्यावर तिच्या मराठी मॅनेजरने जेवायला सोबत बोलावणं कसं बंद केलं, खोलीवरच्या मुलींनी भांडी कशी वेगळी केली, हे तिने कागद न बघता सांगितलं. मग ती माझ्या ऑफिसात आली. अख्ख्या सभागृहात मराठी मी एकटाच.

“काका, बाकीच्यांना मला पहिल्यापासून समजवावं लागतं,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही ना समजवावं लागणार?”

मी इंग्रजीत उत्तर दिलं. आल्याबद्दल आभार मानले, माझं मत विधेयकाच्या बाजूने आहे असं सांगितलं, आणि भेटीला येणाऱ्या शाळकरी मुलांना द्यायचो तसं एक बॉलपेन तिच्या हातात दिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर अनिरुद्धांचा फोन आला. माझ्या प्रचाराची पहिली सभा त्यांच्याच दिवाणखान्यात झाली होती. “अरे डॅन, आपल्यात इथे हे असलं काही नसतंच. उगाच आपल्या लोकांची बदनामी,” ते म्हणाले. मग हसून म्हणाले, “आणि तुला काय रे एवढं?”

निवडणूक हरायला मी भ्यालो असं पुढे लोक म्हणाले. तेवढंही मोठेपण मला देऊ नये. मी त्या शेवटच्या प्रश्नाला भ्यालो.

मतदानाची घंटा झाली तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि कमोडचं झाकण लावून, कोट-टायसकट त्यावर बसलो. सभागृहातला आवाज ऐकू यावा म्हणून तिथेही छताला स्पीकर लावलेला असतो, सोय मोठी चांगली आहे. माझं नाव दोनदा पुकारलं. एकोणपन्नास विरुद्ध एकोणपन्नास. समसमान मतं पडली की विधेयक पडतं. मी पाणी सोडलं, हात धुतले आणि बाहेर आलो. दुपारचं जेवण बाधलं, असं पत्रकारांना सांगितलं. गॅलरीत भावना उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेली.

जागृतीने माझ्या पोटावर विश्वास ठेवला. मला भेकड म्हणणाऱ्या अनोळखी लोकांशी ती फेसबुकवर आठवडाभर भांडली, माझ्या जुन्या ॲसिडिटीचे दाखले दिले. शेवंती मात्र “पोट बिघडलंय ना तुमचं?” एवढंच म्हणाली आणि त्या दिवसापासून मला सकाळ-संध्याकाळ पेज वाढू लागली. स्वतः मासे खायची, माझ्यासमोर. तेरा दिवसांनी मी म्हणालो, “शेवंती, आता पोट बरं आहे.” ती म्हणाली, “अजून नाही,” आणि पेज वाढली. पुढल्या वर्षी ती गेली. मी तिला कबूल केलं नाही ते नाहीच.

तर माझ्या पश्चात भावनाला कळवावं, की माझ्या पोटाला काहीही झालं नव्हतं. मला समजवावं लागणार नव्हतं, कारण मी गमरे आहे, आणि म्हणूनच मी पळालो. याची एक प्रत तिथल्या वर्तमानपत्राला आणि एक सभागृहाच्या सचिवांना पाठवावी. विधेयक त्यामुळे पास होणार नाही, हे मला कळतं.

कलम ७. अंत्यविधीबाबत. माझा विधी बौद्ध पद्धतीने, गमरे या नावाने करावा आणि तो इथल्या आमच्या मंडळींनी करावा. ‘आमच्या’ हा शब्द मी पहिल्यांदाच लिहीत आहे, तेव्हा त्याचं कारण सांगायला हवं. शेवंती गेल्यावर मी जागृतीजवळ बहरीनला राहायला आलो. गेल्या एप्रिलमध्ये संदेश मोहिते माझ्याकडे आले. जयंतीचा कार्यक्रम ठरला होता, त्यांना अमेरिकेतला माजी आमदार प्रमुख पाहुणा म्हणून हवा होता. मी गेलो. लोकशाहीवर चाळीस मिनिटं बोललो. बोलताना मला स्वतःचा कंटाळा आला, लोकांनी मात्र सोसलं. मग आभार मानायला संदेश उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, “देवरुखकर सर आपले नसूनही इतक्या मोठ्या मनाने आपल्यात आले.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय करावं ते न सुचून मीही वाजवल्या.

त्याआधी त्रिशरण-पंचशील झालं होतं. माझे ओठ आपोआप हलू लागले. लक्षात येताच मी ते घट्ट मिटले. संदेशची आई भागीरथाबाई मुलाकडे राहायला आल्या होत्या, त्या समोरच्याच रांगेत बसल्या होत्या. खीर वाढताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

“बाबा, तुला तं सगला पाठ हाय. मंग त्वांड कशाला मिटलंस?”

“लहानपणी शेजारी म्हणायचे,” मी म्हणालो.

“शेजारी,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला आणखी एक पळी खीर वाढली. त्या आता गावी आहेत. त्यांना सांगावं, की शेजारी नव्हे, माझ्या घरी म्हणायचे, आणि सगळ्यात मोठ्याने माझे वडील तुकाराम म्हणायचे.

खाडाखोडीचा खुलासा. कलम चार पूर्ण खोडलं आहे आणि कलम सहामध्ये ‘माझ्या पश्चात’ या शब्दांवर काट मारली आहे. ती कोणी, कशी मारली, हे नमूद करणं भाग आहे.

साक्षीदार म्हणून मी संदेश मोहिते आणि शेजारचे ड्रायव्हर प्रशांत पालव यांना बोलावलं होतं. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. तरी संदेशना मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, “सर, पुढच्या जयंतीला प्रमुख पाहुणा दुसरा बघतो. तुम्ही तीन वाजता या, खुर्च्या लावायला माणसं कमी पडतात.” आणि सही केली.

प्रशांत विमानतळावर गिऱ्हाईकासाठी अडकले. फोनवर “यल्ला साहेब, धा मिन्टात पोचतो” असं तीनदा म्हणाले. तेवढ्यात मला हॉस्पिटलात न्यायला जागृती आली आणि टेबलावरचा कागद तिने उचलला. तो माझ्या पश्चात उघडायचा आहे, असं मी तिला सांगितलं. ती उभ्यानेच वाचत राहिली. ती तीन वर्षांची असताना आम्ही तिला अमेरिकेला नेलं, तिला मराठी वाचायला वेळ लागतो. एवढा वेळ माझी कुठलीच मतमोजणी लांबली नव्हती.

“बाबा, मी तुमच्यासाठी लोकांशी भांडले,” ती म्हणाली. “आय वॉज सो शुअर.”

मी म्हणालो, मला माफ कर. हे मी आधी कुठेच लिहिलं नव्हतं, इथे लिहितो.

ती रडली नाही. तिने विचारलं, “हे भावनाला तुम्ही गेल्यावर पाठवायचं? का? मेलेल्या माणसाचं मत धरतात का तुमच्याकडे?” आणि पेन घेऊन तिने ते दोन शब्द खोडले. मग माझा फोन माझ्या हातात दिला. पत्त्याच्या पाकिटात भावनाचा नंबर होता. मला टाईप करायला वीस मिनिटं लागली. संदेश आणि जागृती बाजूला बसून होते, कोणी मदत केली नाही. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तो मेसेज पाठवला, खाली दत्तू गमरे असं लिहून. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. ते यावं अशी मागणी करायचा मला हक्क नाही.

राहिली दुसऱ्या साक्षीदाराची सही. जागृती म्हणाली, मी करते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा मला सल्ला मिळालेला आहे. तो मी तिला सांगितला. तिने विचारलं, माझं नाव कुठे आहे? मी कलम चार दाखवलं. तिने पट्टी मागितली आणि एका सरळ रेघेत ते पूर्ण खोडलं.

“साक्षीदार व्हायला मी तयार आहे,” ती म्हणाली. “वारस व्हायचं की नाही ते मी नंतर बघेन. आधी ऑपरेशनमधून बाहेर या.”

वरील खाडाखोड मला मान्य आहे. मिळकतीचं काय करायचं ते, बाहेर आलो तर, तिला विचारून लिहीन.

ठिकाण: उम्म अल हस्सम, मनामा, बहरीन
दिनांक: १७ जानेवारी २०२६

मृत्युपत्र करणार: (सही) दत्तू तुकाराम गमरे

साक्षीदार १: (सही) संदेश भिकाजी मोहिते. वाचून दाखवलं, ऐकलं.

साक्षीदार २: (सही) जागृती दत्तू गमरे. ओळखपत्रावर माझं आडनाव वेगळं आहे. सही हीच धरावी.