खिडकीजवळचा दुसरा फोटो

१२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं, स्वेटरही पोचला. माप अगदी बरोबर आहे, बाह्यासुद्धा. गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंत हे काही बरं केलं नाहीत. पण तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?

मी बरी आहे. जेवते, झोपते, दुकान उघडते. तुम्ही लिहिलंत, ‘वहिनी, मोकळी होऊन एकदा रडून घे.’ रडायला माझी ना नाही, पण येतच नाही. दाढेला भूल दिल्यावर आपण जीभ लावून बघतो ना, गाल आपलाच आहे का म्हणून, तसं चाललंय. चावलं तरी कळायचं नाही.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पैकी प्रदर्शनाचं आधी सांगते.

हो, खरं आहे. इथल्या कलादालनात तुमच्या दादांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय. आपल्या चिरंजिवांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. चष्मा डोक्यावर ठेवतात आणि खिशात शोधतात, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चष्मेवाले म्हणते. ते आले आणि पोटमाळ्यावरचे सगळे डबे खाली काढून दुकानातच ठाण मांडून बसले. न्हावी, नर्स, बेकरीवाला, बँकेतला पहारेकरी. सगळी पासपोर्टच्या फोटोसाठी आलेली आणि ‘बसा जरा, अजून एक काढू’ म्हणून थांबवून घेतलेली माणसं. चष्मेवाले एकेक फोटो उजेडात धरायचे आणि ‘अहाहा’ म्हणायचे. मला वाटलं, ह्यांना दमा आहे की काय.

मग म्हणाले, “साहेबांचे सुरुवातीचे फोटो चांगलेच आहेत. पण शेवटच्या काही वर्षांत काय झालं हो? एकदम माणसाच्या जवळ गेले ते. समोरचा माणूस फोटोला बसलाय हेच विसरलाय, असं वाटतं.”

मी चहा गाळत होते. म्हटलं, “वयानं होत असेल.”

वन्सं, त्या शेवटच्या काही वर्षांत यांनी कॅमेरा हातात धरलेलाच नाही.

हात कापतात हे तुम्हाला माहीत होतं. ‘औषधानं आटोक्यात आहे’ असं आम्ही कळवत राहिलो, कारण यांना तुमच्या डोळ्यांत दया नको होती. आटोक्यात काही नव्हतं. कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. एका लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो हलले, तेव्हा यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, “आजपासून हाताचं काम तुझं, डोळ्याचं माझं.” काही दिवस तसं चाललं. हे बाजूला उभे राहून सांगायचे, इथून घे, थोडं खाली, आता. मी दाबायची. पुढे यांना उभं राहवेना, खुर्ची आली. मग खुर्चीत डुलकी लागायला लागली. एकदा मी विचारलं, “कुठून काढू?” तर डोळे न उघडताच म्हणाले, “मला काय विचारतेस? कॅमेरा कुणाच्या हातात आहे?”

त्यानंतर मी विचारलं नाही.

गिऱ्हाईक आत आलं की माझ्या गळ्यात कॅमेरा, हातात दिव्याची वायर, तरी मलाच विचारायचं, “फोटोग्राफर नाहीत का?” मी म्हणायची, “येतीलच इतक्यात. तोवर तुम्ही बसा, मी जरा उजेड बघून घेते.” उजेड बघता बघता फोटो काढून व्हायचा. गिऱ्हाईक पावती घेऊन जाताना म्हणायचं, “साहेबांना नमस्कार सांगा.” आतून हे ओरडायचे, “पोचला!” आम्ही खूप हसायचो.

चिरंजिवांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना थोडंफार ठाऊक होतंच. म्हणाले, “आई, आता कशाला? बाबांचं नाव होतंय, होऊ दे. एकाच घरातलं तर आहे. आणि तू काय स्वतःला फोटोग्राफर म्हणवणार आहेस का या वयात?” वाईट हेतूनं नाही बोलला. खरंच प्रश्न पडला होता त्याला. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. “बरं,” म्हटलं, आणि कपबश्या विसळल्या.

एकच गोष्ट जरा अडचणीची झाली आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही उजेड तपासायला एक फोटो काढायचो. त्यासाठी कुणीतरी बसावं लागतं. आधी मी बसायची, नंतर हे बसायला लागले, खिडकीजवळच्या खुर्चीत. कॅमेरा तिपाईवर, कॅमेऱ्याच्या आतला पडदा क्षणभर जास्त उघडा. चेहरा स्वच्छ यायचा, पण मांडीवरचे हात मात्र धुरासारखे. यांनाच ते आवडायचं. “बघ, माझ्या मांडीवर कबुतर बसलंय,” म्हणायचे. चष्मेवाल्यांना ते फोटो सापडले आहेत. त्यांची समजूत, हे यांनी स्वतःच स्वतःचे काढले. त्यातला अगदी शेवटचा त्यांनी दालनात समोरच्या भिंतीवर लावायला घेतलाय, भला मोठा करून. म्हणाले, “सगळ्या फोटोंत हात हललेत, याच एका फोटोत स्थिर आहेत. काय साधलंय हो साहेबांनी!”

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात, दादा शेवटी कसा गेला, त्रास झाला का. झोपेत गेल्यासारखे गेले. त्रास झाला नाही. बाकी सवडीनं लिहीन, दुकानात माणसं आली आहेत.

गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची,
वहिनी

३ डिसेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं उत्तर यायच्या आतच हे लिहिते आहे. मागच्या पत्राच्या शेवटी दुकानात माणसं आली आहेत असं लिहिलं होतं. कुणी आलं नव्हतं.

प्रदर्शन सुरू होऊन आठवडा झाला. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी चिरंजीव मला दालनात घेऊन गेले. पांढऱ्या भिंती, नव्या रंगाचा वास, सुतार शिडीवर चढून खिळे ठोकत होता. बेकरीवाला केवढा मोठा झाला होता! त्याच्या भुवईवरचं पीठसुद्धा दिसत होतं. ते पीठ पुसायला तो हात उचलत होता आणि मी “राहू द्या” म्हटलं होतं. खाली पट्टीवर यांचं नाव. पुढे नर्स, खाली यांचं नाव. मी आपली एकेक बघत चालले होते, परक्याच्या घरातले फोटो बघावेत तशी.

समोरच्या भिंतीवर तो होता. खाली लिहिलं होतं, ‘छायाचित्रकाराने स्वतः काढलेले आपले अखेरचे छायाचित्र’.

वन्सं, तुमच्या दादांनी आयुष्यात एकदाही स्वतःचा फोटो काढला नाही. म्हणायचे, आरशासमोर दाढी करताना बघतो तेवढं पुरे.

मी चष्मेवाल्यांना म्हटलं, “हा यांनी काढलेला नाही.”

“म्हणजे?”

“मी काढलाय. ती नर्स मी काढली, बेकरीवालाही मीच. त्या भिंतीवरचे सगळे माझे आहेत.”

चिरंजीव म्हणाले, “आई, आपलं बोलणं झालं होतं ना?”

चष्मेवाले सभ्य माणूस. सांभाळून घेत म्हणाले, “हो हो, त्यांच्या आजारपणात बटण तुम्ही दाबत असाल. पण फोटो म्हणजे नुसतं बटण नाही ना. आता ह्याच फोटोत बघा, खुर्ची, खिडकी, कुठे काय असावं, ही नजर साहेबांची. ते तुम्हाला सांगत असणार.”

“ह्या फोटोच्या वेळी ते सांगू शकत नव्हते,” मी म्हटलं. “ते गेलेले होते.”

शिडीवरच्या सुतारानं हातोडी खाली घेतली.

आता तुम्हाला नीट सांगते. रोजच्यासारखी सकाळ होती. यांचं तोंड धुवून, केस विंचरून मी खुर्चीत बसवलं. म्हणाले, “आज ढग आहेत वाटतं.” मी तिपाई लावली, कॅमेऱ्यातून बघितलं, एक फोटो काढला. मग कॅमेऱ्यावरून मान वर काढून बघितलं आणि मला हात दिसले. मांडीवर होते, एकावर एक, आणि हलत नव्हते. झोपेतसुद्धा थोडे हलायचे ते. इतक्या वर्षांत मी ते हात कधी थांबलेले बघितले नव्हते. कसे होते ते मी विसरूनच गेले होते, वन्सं. अंगठ्याजवळची ती जुनी खूण, लांब बोटं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

मला कळलं. मी मूर्ख नाही, मला त्याच क्षणी कळलं.

आणि तरी मी धावत गेले नाही. खिडकीची चौकट यांच्या डोक्यामागे येत होती, डोक्यातून दांडा निघाल्यासारखी. मी तिपाई उचलली, जरा डावीकडे सरकवली, पुन्हा नीट बघितलं आणि दुसरा फोटो काढला. मग कॅमेऱ्याला झाकण लावलं. मग यांच्याजवळ गेले. खांद्याला हात लावला, हाक मारली. मग समोरच्या डॉक्टरांना बोलावलं, मग मुलाला फोन केला. ह्या क्रमानं.

भिंतीवर होता तो दुसरा.

चिरंजिवांनी एवढंच विचारलं, “तू आधी फोटो काढलास?”

“हो.”

“आणि मला नंतर फोन केलास.”

“हो.”

तो बाहेर निघून गेला. काचेतून दिसत होता, पायरीवर बसलेला.

लोक काय म्हणतील ते मला ऐकू येतं. नवरा समोर गेलेला आणि ही बाई चौकट बघते. मीही तेच म्हटलं असतं. मी दगड आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं.  एवढंच कळलं की त्या वेळी माझ्यात बायको होती आणि आणखी कुणीतरी होतं, आणि ते आणखी कुणीतरी आधी पुढे झालं. त्याला नाव द्यायचं तर एकच आहे. मिरवण्यासारखं नाही ते. पण मग ते दुसऱ्याच्या माथीही मारता येत नाही. यांच्या नावावर तर नाहीच नाही. हे असते तर कॅमेरा टाकून धावत आले असते माझ्याकडे, तिपाई पडली असती तरी.

चष्मेवाल्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. म्हणाले, “बाई, आता तर हा फोटो इथेच राहायला हवा. तुमच्या नावानं. लोक ह्याच्यासाठी येतील.”

“म्हणूनच उतरवा,” मी म्हटलं. “आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो काचेत लावत नाहीत. मला ह्यांना विचारता आलं नाही.”

 सुतारानंच उतरवला, फार जपून, जणू माणूसच आहे. माझ्या बाकीच्या फोटोंखालच्या पट्ट्या बदलायचं ठरलं. चष्मेवाल्यांनी विचारलं, “तुमच्या नावापुढे काय लिहू? पत्नी आणि सहकारी?”

“फोटोग्राफर,” मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं मोठ्यानं. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. रेशनकार्डावर पत्ता बदलून घ्यावा तसं झालं. त्यांनी लिहून घेतलं, मी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी गर्दी झाली म्हणे. मी गेले नाही. दुकान उघडलं, दोन पासपोर्टचे काढले, एक बारशाचा मोठा करून दिला. बेकरीवाला मात्र संध्याकाळी आला आणि दारातूनच म्हणाला, “अहो, माझ्याखाली तुमचं नाव कसं? साहेब कुठे गेले होते त्या दिवशी?” मी म्हटलं, “आत झोपले होते.” म्हणाला, “मग बरोबर आहे.” आणि पाव ठेवून गेला.

मुलाचा आठवडाभर फोन नाही. सूनबाईच रोज करायची, “जेवलात का?” विचारायची. काल तो आला. नेहमीसारखा आत न येता गिऱ्हाइकासारखा काउंटरपाशी उभा राहिला. म्हणाला, “पहिला कुठाय?”

मी काढून दिला. तोच, चौकट डोक्यामागे आलेला. त्याने उजेडात धरला, जवळ घेतला, लांब धरला. अगदी यांच्यासारखा बघतो तो, त्याला माहीत नाही.

“यात बाबा होते का?” त्याने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. ढगांचं बोलले होते, आणि मी फोटो काढला होता. त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ते गेले. हात मी पहिल्या वेळी बघितलेच नव्हते. आणि फोटोतही कळत नाही, खुर्चीचा हात मध्ये येतो. माझी फ्रेमच चुकली होती.

“मला माहीत नाही रे,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. फोटो शर्टाच्या आत, छातीशी ठेवला, वर जॅकेटची चेन ओढली आणि गेला. दारात थांबून म्हणाला, “रविवारी ये जेवायला.” मी “येते” म्हटलं.

पहिला त्याने नेला. दुसरा, मूळ लहान आकारातला, मी ह्या पत्रासोबत पाठवते आहे, वेगळ्या पाकिटात. पाकीट चिकटवलेलं नाही. तुम्ही विचारलं होतंत, दादा शेवटी कसा गेला. याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही. बघायचं नसेल तर तसंच कपाटात ठेवा, मी कधी विचारणार नाही. बघितलंत आणि माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तरी मी समजेन. बघितलंत तर हात आधी बघा. लहानपणी तुमचं बोट धरून शाळेत नेणारे हात तेच आहेत, आणि मला खात्री आहे, मी ते नीट काढलेत.

पाठीमागे दुकानाचा शिक्का मारलेला नाही. सही केली आहे, माझी.

वहिनी