दोन अज्ञातं आणि मीटर

प्रिय अहो,

तुम्ही आंघोळीला गेला आहात तेवढ्यात लिहितेय. समोर बसून विचारलं तर तुम्ही हसण्यावारी नेता. मागच्या आठवड्यात स्कूटरच्या मीटरचं विचारलं, तर म्हणालात, त्यालाही आता वय झालंय, वाढवून सांगतो.

मीटर खोटं बोलत नाही हो. माझ्या वहीत दर पहिल्या तारखेचा आकडा असतो. गेल्या महिन्यात तुम्ही सव्वीस दिवस बाहेर पडलात. ऑफिस जाऊन-येऊन सहा किलोमीटर, म्हणजे एकशे छप्पन्न व्हायला हवे. झाले दोनशे शहाण्णव. देवाची शपथ, आधी मनात नको ते आलं. मग म्हटलं, बाई, या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो दुसरं घर कुठून सांभाळणार?

मग तुमचा शर्ट धुताना खिशात पार्किंगची चिठ्ठी सापडली. ते इस्पितळ मला पाठ आहे. ताईला भेटायला जायचो तेव्हाचा आकडा वहीत आहे, जाऊन-येऊन वीस. तिथून ताई परत आली नाही. म्हणूनच मला सांगितलं नाहीत ना?

मॅट्रिकला ताईनंच मला दोन अज्ञातांची गणितं शिकवली. म्हणायची, दोघांशी एकदम झुंजू नकोस, एकाला दुसऱ्याच्या भाषेत लिही आणि त्याच्या जागी ठेव. तसंच केलं. इस्पितळाचे दिवस धरले 'क्ष'. ऑफिसचे उरले सव्वीस वजा क्ष. ते सहाच्या पुढे ठेवले, वीस क्ष मिळवले, बरोबर दोनशे शहाण्णव. चौदा क्ष म्हणजे एकशे चाळीस. क्ष दहा.

उत्तर चुकावं म्हणून तीनदा सोडवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग ताळा केला. ऑफिसला तुम्ही कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट घालता. अर्ध्या बाह्यांचे मी गेल्या महिन्यात धुतले ते दहा. त्यातल्या दोन शर्टांच्या बाहीच्या काठाशी रक्ताचा ठिपका होता. मी तो डासाचा समजून साबण लावला.

तेव्हापासून देवापुढे एकच मागते आहे, यांच्या जागी मला ठेव. कागदावर चालतं ते. तो काही ऐकत नाही. दिव्यातलं तेल संपेपर्यंत बसते, तरी ऐकत नाही. आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत खोकला उशीत दाबता, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

आज या महिन्यात पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट खुंटीवर काढून ठेवलात. म्हणून हा कागद डब्याच्या वरच्या खणात घालते आहे, खाली मऊ भात आहे. तुम्ही गेलात की मी इस्पितळाची बस पकडणार आहे. डबा उघडाल तेव्हा समोरच्या बाकाकडे बघा. रागवायचं तर रागवा, पण भात संपवून. येताना मी स्कूटरवर मागे बसेन. दहा वेळा एकटे परत आलात, अकराव्यांदा नाही.

तुमचीच,
वहीवाली