काकूचा पहिला प्रोग्रॅम

रविवार संध्याकाळ, मार्च २००४, पिस्कॅटवे, अमेरिका

आज नको ते केलं. काकूने लायब्ररीतून प्रोग्रॅमिंग शिकायचं पुस्तक आणलंय. त्यातला प्रोग्रॅम बघून टाइप केला की चालतो, पण का चालतो ते तिला कळेना. "उद्या परत करते, माझ्याच्यानं नाही होत," असं काकांना म्हणाली. ती ग्रोसरीला गेल्यावर मी तिच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक ओळ घातली. तिने आल्यावर रन केला, तर स्क्रीनवर आलं: काकू, चहा टाक.

वाटलं ओरडेल. ती पुस्तक उघडूनच बसली. माझी ओळ शोधून काढली, यार. मग तिथे काहीतरी टाइप करून हाक मारली, "बंट्या, आता तू रन कर."

केलं. बंट्या, भांडी घास.

पुस्तक परत करणं कॅन्सल. दुसरा धडा चालू. मी खरंच भांडी घासली. वाचणाऱ्या, पाया पडतो, एवढं माझ्या मित्रांना सांगू नकोस.