दामिनीनं सारं सांगून टाकलं

नागपूर, सोमवार

चि. देवानंदले बाबाचा आशीर्वाद.

दामिनीले रक्त चढवलं. आता हातपाय दुखत नाई. प्रेमिलेले सांग, पोरीसाठी रडत बसू नको. बाळाचा खोकला थांबला का?

आता घाबरू नको, पण आयक. इथच्या दवाखान्यातल्या शाळेत कम्प्युटर आहे. त्याच्यावर लिहू लिहू दामिनीची एक मैत्रीण झाली. ते पण बिमार, पाचवीतच, असं म्हणे. तिनं बापाचं नाव, गाव, वॉर्ड विचारला, हिनं सांगतला. आपल्या इकडे कोणी विचारलं तं पोरं सांगतेच. मग तिनं विचारलं, तुझे आबाजी जेवाले कधी जाते? तेही सांगतलं.

शाळेच्या रीता मॅडमनं ते वाचलं अन् कम्प्युटरच बंद केला. म्हणे, "बाबाजी, ही पोरगी नाई, कोणी मोठा माणूस आहे." पोलिसालेही कळवलं. मी म्हटलं, कायले एवढा बाऊ करता?

काल मी जेवाले खाली गेलो, तं एक माणूस वॉर्डात आला. दामिनीचा काका आहो म्हणे. सिस्टरनं आत सोडला नाई. तिले काका कुठचा रे? तू तं एकटाच पोरगा माहा.

आता मी खाटेजवळच जेवतो. गावात कोणी पोरीचं विचारत आला तं काही सांगू नका, फोटो देऊ नका.

पोरीले अजून समजत नाई. म्हणते, "आबाजी, ते मैत्रीण रुसन नं. एकदा जवाब देऊ द्या."

पत्र भेटलं का निघ. दोघं असलो तं एक जण दारावर बसन.

तुझा बाप
मनसाराम