मोजून दिलेलं पाणी

प्रिय अक्का,

उद्या तू जाऊन वर्ष होईल. तिळाचं पाणी मीच सोडायचं, असं भटजी म्हणाले. तुला मूलबाळ नाही आणि आईच्या मागे तूच मला वाढवलंस, तेव्हा तुझा मुलगाही मीच. पण त्या पाण्यात हात घालण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तू माझ्या हातचं पाणी कसं घ्यावंस?

तुला वाचता येत नव्हतं. सोळा वर्षं माझी पत्रं धारूरच्या करीमभाईने तुला वाचून दाखवली. हे मात्र मी स्वतः वाचणार आहे, तुझ्या कडुलिंबाखाली बसून.

दुपार कलली आहे. घाटाखालचा मुलूख उन्हाच्या धुरकटीत निळा दिसतो. डोळे अर्धे मिटले की तो समुद्रच वाटतो, आणि घाट चढून येणारी माणसं त्यातून एकेक वर निघाल्यासारखी. पाण्याशिवायचा समुद्र. मी मात्र सतरा वर्षं दुसराच समुद्र पाहिला, पाणी असूनही कोरडा.

तो उदमी, माल घेऊन निघालेला, आठवतो का तुला? लिंबाखाली वाटसरूंसाठी ठेवलेल्या तुझ्या रांजणातलं पाणी पिऊन त्याच्या झाकणावर पैसा ठेवून गेला होता. तू पदर खोचून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत त्याच्यामागे गेलीस.

"भाऊ, तुमचं काय तरी पडलं."

"पडलं न्हाई बाई. पाण्याचा हाय तो."

"पाणी काय मी केलंय व्हय? घ्या तुमचा पैसा."

माणूस ओंजळ धरून वाकायचा आणि तू ओतत राहायचीस. तो मान हलवीपर्यंत तुझी धार तुटायची नाही. आपल्याकडची रीतच ती. पिणारा थांबवील, देणारा नाही.

मी निघालो, तेव्हा तू रडली नाहीस. सरकारी दफ्तर उर्दूत आणि माझं शिक्षण पंतोजींच्या मोडीचं, त्यामुळे इथे माझं काही जमणार नाही, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. भाकरी बांधताना एवढंच विचारलंस, "तिथं पाणी कसं हाय?"

मी हसलो. "अक्का, समुद्राकाठचं शहर आहे. पाण्याला काय तोटा?"

आपण डोंगरावरची माणसं. समुद्र म्हणजे मोठी विहीर, असंच वाटायचं आपल्याला.

मुंबईहून बोटीने एडनला उतरलो, तेव्हा संध्याकाळ होती. काळे उघडे डोंगर, गवताची काडी नाही. वाटलं, कुणीतरी आपला बालाघाटच भाजून इथे आणून ठेवला आहे. एका दारात पाणी मागितलं. त्या माणसाने आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, भांडं शोधतो आहे. तो पैसे शोधत होता.

तिथे सगळंच विकत. लाकूड उंटावरून येई, भाजी बोटीवरून. अर्धा पगार एका खोलीला जाई, आणि त्या खोलीत पाय लांब केले की दार लागत नसे. आंघोळ समुद्रात करायची. मग अंगावर मीठ उभं राही, आणि त्याच अंगाने देवापुढे बसायचं. तांदूळ धुतलेलं पाणी मी टाकत नसे, त्यानेच पाय धुई. पण या सगळ्यात पाण्याइतकं जिवाला लागलं नाही काही.

'पाणी काय मी केलंय' या तुझ्या बोलण्याचं उत्तर मला तिथे मिळालं, अक्का. तिथे पाणी माणूसच करत होता. समुद्राचं पाणी भट्टीवर उकळायचं, वाफ गार करायची, आणि पडेल तो थेंब मापाने विकायचा. त्या मापावर बसायला हिशेब येणारा माणूस हवा होता.

तो मी झालो.

कोळशाच्या वखारीत कारकून आहे, असं तुला लिहिलं ते खोटं. सतरा वर्षं मी पाणी विकलं. टिनाच्या मापात पाणी काठाला लागलं की माझा हात आपोआप उभा राही. पुढचा माणूस तहानलेला असला तरी. दुपारी गर्दी ओसरली की नळीतून टपटप थेंब पडत, मला डुलकी लागे, आणि हा कडुलिंब दिसे. त्याच्या सावलीत तू ओतते आहेस आणि मी ओंजळ धरून वाकलो आहे. प्रत्येक वेळी पाणी हाताला लागायच्या आत मी जागा होई.

महिन्यापूर्वी परतलो. लिंबाखाली तुझा एक रांजण होता, तिथे नऊ दिसले. ओळीने, दगडी ओट्यावर. शेजारपाजारचे भरत होते. दुसऱ्या दिवशी मीच पाण्याला बसलो. पहिला आला तो एक मेंढपाळ, घाट चढून घामाने निथळलेला. त्याने ओंजळ धरली, मी ओतलं आणि थांबलो. तो तसाच वाकून वाट बघत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "का बे म्हाताऱ्या, नऊ रांजण भरून हायत आन् हात कावून आखडतो?"

माझा हात एका मापावर उभा राहिला होता.

करीमभाई शेजारीच बसला होता. एडनच्या बंदरावर राबायचा तो, दोन वर्षांनी एकदा गावी येई. दर खेपेला माझे पैसे आणि खोटं पत्र त्यानेच तुला आणून दिलं. मेंढपाळ गेल्यावर तो म्हणाला, "नामदेव, अक्काला ठावं होतं. पहिल्याच खेपेपासनं."

"तू सांगितलंस?"

"तिनंच वळखलं. म्हणाली, कोळशावाल्याच्या चिठ्ठीला एक बी काळा डाग कसा न्हाई? मग काय, सांगावं लागलं. मग म्हणाली, तिथल्या मान्साला पाणी मिळतंय न्हवं? मिळू दे. त्यो तिकडं मोजून देतो, मी हितं बिनमोजता देते. आन् तुजे पैसे घिऊन कुंभाराकडं गेली."

दर खेपेला एक रांजण. मी मोजलेलं पाणी तू इथे ओतून टाकत होतीस.

मग मला एका शब्दाने का कळवलं नाहीस, अक्का? करीमभाईला शपथ घातली होतीस म्हणे, त्याला लाज वाटंल, सांगू नगंस. तू ते जाणतेस आणि तरी मला घरचा समजतेस, एवढं कळलं असतं, तर मी लवकर आलो असतो. तुझ्या हातचं आणखी एकदा तरी प्यायलो असतो.

आता या ओट्यावर मी बसेन, हात चालतील तोवर. अजून चुकतो. परवाही एकदा धार तुटली. पण शिकेन.

उद्या भटजी तीन ओंजळी सांगतील. मोजायचं ते त्यांनी मोजावं. मी तू मान हलवीपर्यंत ओतत राहीन.

तुझा,
नाम्या