आपानेकाची तारेवरची सायकल

सांता आना, शुक्रवार

तीर्थस्वरूप धर्माची आई त्रान्सितो यांच्या चरणी, अजून हातीपायी धड असलेल्या नेफ्तालीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? (रीत म्हणून विचारत नाही, गुडघ्यांशी माझं काम आहे.) कोंबड्या अंडी देतात ना? आईला सांगा, पोरगं मजेत आहे. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, भीतीनं मी निम्मा झालोय.

वाटाड्याची नोकरी मी धरली ती सपाट जागा दाखवायला. चर्च दाखवायचं, चार सनावळ्या सांगायच्या (त्यातल्या दोन बरोबर असतात), सावलीत बसवून चीज भरलेल्या गरम पुपुसा खाऊ घालायच्या, की झालं. पण हल्लीच्या प्रवाशांना आपल्या एवढ्याशा देशात येऊन जीवच द्यायचा असतो, त्याला कोण काय करणार? आणि आमचे मालक डॉन एवेलिओ म्हणतात, पाहुणा जिथे जाईल तिथे वाटाड्या आधी जाईल. नाही जमलं तर त्यांचा भाचा तयारच आहे. म्हणजे एक तर जीव जाणार, नाहीतर नोकरी.

परवा आधी होया दे सेरेनला गेलो. तिथे राखेखाली गाडलेलं जुनं गाव आहे. डोंगर फुटला तेव्हा माणसं भरली मडकी तशीच टाकून पळाली. पाहुणे मडक्यांचे फोटो काढत होते आणि मी विचार करत होतो, शहाणे ते की तिकीट काढून तसल्याच डोंगरावर निघालेले आम्ही? दुपारी इलामातेपेक ज्वालामुखीच्या तोंडाशी उभे. खाली हिरवं पाणी, कुजक्या अंड्यांचा वास आणि वारा असा की माझी टोपी त्या पाण्याकडे एकटीच निघून गेली. मी पोटावर पालथा पडलो आणि सांगून टाकलं, आमच्याकडे ज्वालामुखी असाच बघतात. बिचारे सगळे आडवे झाले. (एका म्हातारबुवांनी तर डोळेही मिटले, ते मी सांगितलं नव्हतं.)

शेवटी आपानेका. तिथे कॉफीच्या उतारावर, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, एक तार बांधली आहे आणि तारेवर सायकल. देवानं सायकल जमिनीसाठी केली, यावर कुणाचं दुमत नसावं. आमच्यात तेगुसिगाल्पाच्या ब्रीखिदा नावाच्या विधवा बाई होत्या, तुमच्याच वयाच्या. तार जिथून सुटते त्या फळीवर माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या, "बाळा, तू पुढे हो. तू पडलास तर मी माघारी जाते." मी जगाच्या तारणहाराला हाक मारली, नवस बोललो. मग सायकल निघाली, मधोमध थांबली, डुलली, पलीकडे पोचली आणि परतही आली. टाळ्या पडल्या. संध्याकाळी बाईंनी डॉन एवेलिओंना सांगितलं की तुमचा वाटाड्या वाघ आहे. नोकरी वाचली.

असो. डोकं दुखेल तुमचं वाचून, आता आवरतं घेतो. लहानांना गोड पापा, थोरांना दंडवत आणि तुमचा आशीर्वाद मात्र लवकर पाठवा, इथे संपत आलाय.

आपला,
नेफ्ताली

ता. क. नवस मी तुमच्या नावानं बोललोय, डोंगरावर पालथा असताना एक आणि तारेपाशी एक. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबांनी मला प्रश्न विचारले तेव्हा मी रडत होतो आणि माझ्या वतीनं उत्तरं तुम्ही दिलीत. तोच व्यवहार अजून चालू आहे असं मी धरून चाललो. डोंगरावरचा नवस चर्चच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढायचा आहे. तारेवरचा वर्षभर तामाल न खाण्याचा. रागावू नका. तारणहाराला माझ्यापेक्षा तुमची खात्री जास्त वाटेल, असं मनात आलं.

पुन्हा ता. क. सायकलवर मी नव्हतो. ब्रीखिदाबाई होत्या. मी खांबाला मिठी मारून होतो, ती सोडवायला दोघे लागले. बाई दयेपोटी खोटं बोलल्या, आणि त्यांच्या दयेनंच मी मेलो, कारण डॉन एवेलिओंनी खूश होऊन दर रविवारची सायकल मला दिली आहे. या रविवारी ते स्वतः बघायला येताहेत. नवसाचं राहू द्या, गुडघे दुखत असतील तर पायऱ्याही मीच चढेन. तुम्ही फक्त सकाळची बस पकडून आपानेकाला या आणि तारेच्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहा. हाक मारू नका, हात हलवू नका. मला खाली बघायचं नाहीये, म्हणून समोर कुणीतरी आपलं माणूस हवंय.